पाचवं नाव

उभे अण्णा आपल्या घरात बसून चहा प्यायले, असं सांगणारा माणूस आमच्या गावात सापडणार नाही. लग्नाला आले तर मांडवाच्या खांबाला हात लावून उभे. मयताला आले तर अंगणाच्या कडेला उभे. पंगतीत पान मांडलं तर म्हणायचे, "भाकरी हातावर द्या वैनी, चालता चालता खातो." ते आमचे पोलीस पाटील. जुन्नर तालुक्यात डिंगोऱ्याच्या पुढं मढकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं गाव, शे-दीडशे उंबऱ्याचं, आणि त्या प्रत्येक उंबऱ्याबाहेर अण्णांच्या वहाणांचा ठसा असायचा. उंबऱ्याच्या आत मात्र कधीच नाही.

मी एकदा त्यांना विचारलं होतं, की अण्णा, पायाला काय मुंग्या चावतात का? ते हसले नाहीत. म्हणाले, "बाळू, पोलीस पाटलानं कुनाच्या घरात बसू न्हाई. बसलं की च्या येतो. च्या आला की वळख वाढती. वळख वाढली की त्याचं नाव लिवताना हात अडतो." हे त्यांनी असं सांगितलं, की जणू सरकारनं नेमणुकीच्या कागदावरच लिहून दिलंय. माझी आई म्हणायची, "सरकार पगार देतंय एवढासा, आन ह्यो मानूस इमान दाखवतोय केवढं!"

त्यांची कामाची पद्धतही अशीच अजब. वही वगैरे नाही. गावात भांडण झालं, कुणी कुणाचा बांध कोरला, कुणी दारू पिऊन शिवीगाळ केली, की अण्णा चिठ्ठीवर चार ओळी लिहायचे आणि ती चिठ्ठी खिशात टाकायचे. कुठल्या खिशात, हे महत्त्वाचं. सदऱ्याच्या वरच्या खिशात गेली तर ते भांडण गावातच मिटायचं. बंडीच्या डाव्या खिशात गेली तर ठाण्यात जायचं. उजव्या खिशात म्हणजे कोर्ट. त्यामुळं भांडण झालं की लोक अण्णांच्या तोंडाकडं बघायचे नाहीत, हाताकडं बघायचे. "वरच्यात टाका हो अण्णा, वरच्यात!" अशी विनवणी मी कितीतरी बायकांच्या तोंडून ऐकलीय. बंडीला आतून एक चोरखिसाही होता. त्यात तंबाखूची पुडी असते, असं आम्ही धरून चाललो होतो.

आता यात्रेचं सांगायला हवं, कारण माझं आणि अण्णांचं सगळं तिथूनच बिघडलं. चैत्रात आमच्याकडं बैलगाड्यांच्या शर्यती. ज्या चढणीवर गाडे पळतात तिला आम्ही घाट म्हणतो आणि पळायच्या पाळीला बारी. घाटात माणसं दोन गोष्टींवरून भांडतात: बारी आधी कुणाची आणि बारीला लागलेले सेकंद किती. पंच्याण्णवच्या आसपासची यात्रा असेल. आंबेगाव तालुक्यातल्या एका गाडामालकाचं म्हणणं, की आमची बारी ह्यांनी खाल्ली. शब्दाला शब्द लागला, कुणीतरी कुणाची टोपी उडवली, आणि अण्णांचा थोरला, दिलीप, हातातली काठी घेऊन पुढं झाला. त्या मालकाच्या खांद्यात त्यानं अशी काठी घातली की माणूस खालीच बसला. अख्ख्या घाटानं पाहिलं. मी पण पाहिलं. मी तेव्हा खालच्या अंगाला, गाड्यापुढं पळवतात ती घोडी धरून उभा होतो, आणि घोडी बिथरली म्हणून मला जागचं हलताही येत नव्हतं.

मालकानं ठाणं गाठलं. संध्याकाळच्या आत पोलीस आले आणि म्हणाले, पाच-सहा जण होते म्हणतात, नावं द्या. आता आमच्या भागात ह्याची एक जुनी रीत आहे, म्हणजे होती. मारणाऱ्याचं नाव द्यायचं नसतं. गावानं चावडीत बसून ठरवायचं, की कुणाचं नाव गेलं तर सगळ्यात कमी नुकसान. ज्याचं लग्न ठरलंय तो नको, ज्याच्या नावावर सातबारा आहे तो नको, जो कुठं नोकरीला लागायच्या बेतात आहे तो तर नकोच नको. उरतात ती माझ्यासारखी पोरं. अठरा पूर्ण, बारावी नापास, दिवसभर टोमॅटोच्या वावरात. "पोरान्ला काय व्हतंय?" हे वाक्य त्या चावडीत इतक्या वेळा बोललं गेलंय, की भिंतीलाही पाठ झालं असेल.

मी दारात उभा होतो. अण्णा चावडीच्या मधोमध उभ्यानंच, खांबाला कागद लावून नावं लिहीत होते. चार लिहिली. पाचवं लिहिलं, आणि थांबले. मग त्यांनी ते खोडलं. एकदा नाही, दोनदा रेघ ओढली. वर बघितलं ते थेट माझ्या वडिलांकडं.

"तुकाराम, तुज्या बाळूचं घालू का?"

वडील म्हणाले, "घाला की. त्याचं कुटं काय अडलंय!"

झालं. पाचवं नाव माझं. ठाण्यात एन.सी., म्हणजे अदखलपात्र नोंद झाली, कलम तीनशे तेवीस, पाचशे चार, पाचशे सहा, आणि मागून तहसीलदारापुढं आम्हा पाचांवर चॅप्टर. चॅप्टर म्हणजे, वर्षभर नीट वागू असा कागद, बंधपत्र, लिहून द्यायचा. जुन्नरला तहसीलात जाऊन आम्ही तो दिला. आणि खरं सांगतो, मला तेव्हा वाईट वाटलं नाही. उलट मी महिनाभर छाती काढून हिंडत होतो. चॅप्टर झालेला पोरगा म्हणजे गावात कुणीतरी! गाढव होतो, दुसरं काय.

दिलीपची मेडिकल त्याआधीच झालेली होती. दीड महिन्यात त्याचं फौजेचं बोलावणं आलं आणि तो गेला. पुढच्या वर्षी सुट्टीवर आला तो काळी पेटी घेऊन, केस बारीक कापून, सरळ चालत. त्याला एस.टी.तून उतरताना पाहिलं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे मढच्या रस्त्याला पळायला लागलो. वर्षभर पळालो. भरतीत मैल काढला, मेडिकल निघाली, लेखीही निघाली. एकवीस पूर्ण व्हायला चार महिने राहिले होते, म्हणजे ही भरती गेली की पुन्हा वय बसणार नव्हतं. आणि मग हातात तो फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता: तुला कधी अटक, दंड, शिक्षा झाली आहे का, किंवा तुझ्याकडून कधी बंधपत्र घेतलं गेलं आहे का? हो की नाही.

सगळं गाव म्हणालं, "नाही लिही आन मोकळा हो." पण सोबत पोलीस पाटलाचा वर्तणुकीचा दाखला लागत होता. म्हणून मी अण्णांकडं गेलो. वाटलं, पाच मिनिटांचं काम.

अण्णांनी फॉर्म वाचला. पुन्हा वाचला. अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालायला लागले. म्हणाले, "उद्या ये." दुसऱ्या दिवशी गेलो तर ठाण्यात गेले होते. तिसऱ्या दिवशी जुन्नरला. चौथ्या दिवशी निमगाव सावाला, तिथं कुणी फौजेतून पेन्शनीत आलेला हवालदार राहतो म्हणून. मी त्यांच्या मागं आणि ते गुन्ह्याच्या मागं! ठाण्यातला जमादार म्हणाला, हे अदखलपात्र, ह्याला आम्ही गुन्ह्यात धरतच नाही. तहसीलातला क्लार्क म्हणाला, मुदत संपली, विषय संपला. वकील म्हणाला, शिक्षा नाही ना, मग बिनधास्त 'नाही' लिहा. निमगावचा हवालदार एकटाच म्हणाला, "ह्यांच्या मोजण्यावर जाऊ नका. फौज आपल्या हिशोबानं मोजते, आणि पाच वर्षांनी सापडलं तरी काढून टाकते."

माझा जीव टांगणीला आणि अण्णांची भिंगरी थांबेना. पाचव्या दिवशी सकाळी मी त्यांच्या अंगणात ओरडलोच. "अण्णा, दाखला देताय का न्हाई? ह्यात एवढं फिरन्यासारखं काय हाय?"

ते म्हणाले, "देतो. पर ह्यो कुटल्या खिशातला, ते कळू दी."

आणि निघून गेले. काकू, म्हणजे अण्णांच्या मंडळी, जात्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं आणि हळूच म्हणाल्या, "बाळू, त्यांच्यावर चिडू नको. आदी दुसऱ्याच्या घरात बसत नव्हते. त्या यात्रेपासनं आपल्याबी घरात बसंना झालेत. भाकर उभ्यानं, च्या उभ्यानं. दोन वर्सं झाली." मला ते ऐकून काही उमगलं नाही. मला फक्त माझा फॉर्म दिसत होता.

सहाव्या दिवशी अण्णा म्हणाले, "चल पुन्याला." अर्धी एस.टी. रिकामी, तरी हा गृहस्थ दांडीला धरून उभा. नारायणगाव गेलं, मंचर गेलं. कंडक्टर म्हणाला, "बाबा, बसा की, पुण्यापर्यंतचं तिकीट काढलंय तुम्ही!" अण्णा म्हणाले, "पाय आखडत्यात." मी खिडकीकडं तोंड करून बसलो. लाजच वाटत होती.

भरतीच्या ऑफिसात एक सुभेदार होते, मराठी बोलणारे, कपाळावर आठ्या घेऊनच जन्मलेले. त्यांच्या टेबलापुढं दोन तास उभं राहिल्यावर आमची पाळी आली. मी तोंड उघडायच्या आत अण्णांनी सगळं सांगून टाकलं. एन.सी., कलमं, चॅप्टर, मुदत. वाटलं, ह्या म्हाताऱ्यानं माझी भरती इथंच पुरली.

सुभेदारांनी माझ्याकडं बघितलं. "चोरी? लबाडी? बाईमाणसाची काही भानगड?"

"नाही साहेब."

"कोर्टानं शिक्षा?"

"नाही साहेब."

"मग ऐक. मारामारीचं बंधपत्र हे आमच्याकडं किरकोळात जातं. त्यावर चौकशी होते, ठाण्याचा कागद येतो, साहेब ठरवतात. बहुतेक वेळा माणूस आत येतो. पण विचारल्यावर 'नाही' लिहिलं आणि नंतर निघालं, तर ते किरकोळ राहत नाही. तो खोटेपणा झाला. त्याला माफी नाही." मग त्यांनी विचारलं, "मारामारी का केलीस?"

काय सांगणार? घोडी धरली होती म्हणून?

अण्णा पुढं झाले. त्यांनी बंडीच्या आतल्या चोरखिशात हात घातला. तंबाखूची पुडी नव्हती तिथं. घडी करून करून फाटायला आलेला कागद होता, चावडीत खांबाला लावून लिहिलेला. त्यांनी तो टेबलावर उलगडला. चार नावं, मग दोन रेघांनी खोडलेलं एक, आणि त्याखाली माझं.

"सायेब, ह्यानं काय केलं न्हाई. ह्यो व्हताबी न्हाई तितं. नाव म्या घातलं."

सुभेदारांनी खोडलेल्या नावावर बोट ठेवलं. "हा कोण?"

"माजा पोरगा. तुमच्यातच हाय, फौजंत."

मी अण्णांकडं बघितलं तर त्यांच्या मानेची शीर उडत होती. आपल्या हातानं आपल्या पोराची नोकरी टेबलावर ठेवून हा माणूस उभा होता. आणि मी? मला तेव्हा कौतुक वाटलं असं खोटं कशाला सांगू! मला संताप आला. दोन वर्षं हे माझ्या गळ्यात अडकवून ह्यानं दिलीपला काळी पेटी दिली होती. गावाला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, पण ते खोडलेलं अक्षर डोळ्यांनी बघणं वेगळं.

"त्याच्यावर केस झाली होती?" सुभेदारांनी विचारलं.

"न्हाई. म्या हू दिली न्हाई."

सुभेदारांनी कागद पुन्हा एकदा वाचला. मग घडी घालून अण्णांच्या हातात परत दिला. "ज्याच्यावर केसच नाही, त्याचा फॉर्म खोटा नाही. हा कागद माझ्यासाठी नाही. ह्या पोराचा कागद आणा. बंध पुरा झाला, नंतर तक्रार नाही, आणि तुमचं जे म्हणणं आहे ते लेखी. बारा दिवसांत."

परतताना मी एस.टी.त अण्णांपासून लांब, पार मागं जाऊन बसलो. फॉर्मवर मात्र मी 'हो' लिहिलं, आणि खाली सगळी हकिकत.

त्या बारा दिवसांत अण्णा किती चालले, ते त्यांच्या वहाणांना माहीत. ठाणं, जुन्नर, पुन्हा ठाणं. घोडेगावच्या पलीकडं जाऊन त्या गाडामालकाच्या दारात उभे राहिले. तो आधी कुत्रं सोडतो म्हणाला. मग ऐकून घेतलं, आणि ह्या पोराबद्दल आपली तक्रार नाही असं लिहून दिलं. अकराव्या दिवशी अण्णांनी तहसीलात स्वतःच्या हातानं अर्ज दिला: सदर इसम मारामारीत हजर नव्हता, त्याचे नाव मी दिले. क्लार्कनं विचारलं म्हणे, "अण्णा, हे दिलंत तर पाटीलकी राहील का?" अण्णा म्हणाले, "राहनार न्हाई. शिक्का मारा."

राहिली नाहीच. मी ट्रेनिंगला गेलो आणि चार महिन्यांत आईचं पत्र आलं, की अण्णांची पाटीलकी गेली. दिलीपनंही बापाशी बोलणं टाकलं. त्याची नोकरी शाबूत होती, पण बापानं आपलं नाव परक्या टेबलावर मांडलं हे त्याला सोसलं नाही. पहिल्या सुट्टीत मी गणवेशातच अण्णांकडं गेलो. ते गोठ्यापाशी उभे होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "राग हाय अजून?"

"हाय," मी म्हणालो.

"आसू दी," ते म्हणाले. "च्या घेऊन जा."

दर सुट्टीत आमचं एवढंच बोलणं. राग हाय? हाय. च्या घेऊन जा. ही एक विचित्रच दोस्ती होती. मी बाज ओढून बसा म्हणायचो, ते उभेच राहायचे. पाटीलकी गेली तरी खिसे तेच, चिठ्ठ्या नाहीत, पण हात सवयीनं खिशापाशी. दिलीप तीन वर्षांनी नरमला, नातू झाला तेव्हा. पण अण्णांचं पाऊल काही थांबलं नाही.

मग दोन हजार चारची यात्रा. मी सुट्टीवर होतो. पुन्हा बारीवरून वाजलं, पुन्हा कुणाचं तरी डोकं सुजलं, पुन्हा जीप. चावडीत माणसं जमली. नवे पोलीस पाटील, शिकलेले, हातात वही. त्यांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "बोला, पोरांची नावं सांगा." दारात पोरं उभी होती. त्यातली दोन तर माझ्याच मागं पहाटे पळायला यायची.

मी बोलणारच होतो, तेवढ्यात खांबापासून आवाज आला.

"पैलं माजं घाला."

सगळ्यांनी मान वळवली. अण्णा! सत्तरीला टेकलेले, गुडघ्याला पट्टा.

पाटील म्हणाले, "अण्णा, थट्टा नको."

"थट्टा न्हाई राव. मला भरतीला जायाचं न्हाई, माजं लगीन ठरायचं न्हाई. रीतीपरमानं माजंच पैलं बसतं. लिवा."

आणि मग माझ्या शेजारी हालचाल झाली. माझे वडील, ज्यांनी नऊ वर्षांपूर्वी "घाला की" म्हटलं होतं, ते काठीवर भार देऊन उठले. माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. म्हणाले, "दुसरं माजं."

नंतर तीन म्हातारे उठले. पाच झाले. बाहेर जमादार नावं वाचून कपाळाला हात लावून बसला. "ह्या पाचांनी मारामारी केली? ह्यांना जिना चढवत नाही!" अण्णा म्हणाले, "यात्रंत अंगात येतं, सायेब." तो हसला की वैतागला, कळलं नाही. लिहून घेतलं खरं.

चॅप्टरसाठी तहसीलात जायचं ठरलं त्या दिवशी माझी सुट्टी उरली होती. अण्णांना जामीन लागत होता. मी म्हणालो, मी राहतो. तोच व्हरांडा, तेच लाकडी बाक, क्लार्क मात्र नवा. वडील आणि बाकीचे तिघं बाकावर टेकले. अण्णा टेबलापुढं उभे. क्लार्क कागद भरत होता. नाव, वय, धंदा. मग न बघताच त्यानं विचारलं, "ह्याआधी काही गुन्हा?"

"हाय," अण्णा म्हणाले. "एक."

क्लार्कनं मान वर केली. "कुठल्या ठाण्यात?"

"ठान्यात न्हाई." त्यांनी हनुवटीनं माझ्याकडं दाखवलं. "ह्याला इचारा."

क्लार्क माझ्याकडं बघायला लागला. वडीलही बघायला लागले. अण्णा तेवढे बघत नव्हते. त्यांचा हात बंडीच्या आतल्या खिशावर होता. तो कागद अजून तिथंच असणार, हे मला त्या क्षणी कळलं. मी सहा-सात वर्षं दर सुट्टीत 'हाय' म्हणत आलो होतो. कधीच विचार केला नव्हता, की तो राग खरंच अजून आहे का.

"साहेब, लिहा, नाही," मी म्हणालो. "काही गुन्हा नाही."

मी जामिनाच्या जागी सही केली. क्लार्कनं शिक्का मारला आणि म्हणाला, "बाबा, साहेब यायला अर्धा तास आहे. बसा तोवर."

अण्णांनी माझ्याकडं पाहिलं, धोतराचा सोगा सावरला, आणि माझ्या वडिलांच्या शेजारी बाकावर बसले.